इथलंच मशीन

मी मूठ वर केली. आमच्या टोळीत मूठ वर म्हणजे सगळं थांबवायचं. साखळी ओढणाऱ्या मल्लूचे हात जागच्या जागी थांबले. लेथ मशीन जमिनीपासून वीतभर उंच लटकत होतं, आणि माझा थोरला भाऊ अण्णा उकिडवा बसून त्याच्याखाली लाकडी ठोकळे सरकवत होता.

"आता काय झालं थांबायला?" मागून संस्थेच्या सचिवांचा आवाज आला.

"ठोकळे घालून खाली टेकवतोय साहेब. तिकाटणं हातभर पुढं घ्यायला लागंल. मग परत उचलून बोल्टावर बसवायचं."

"अगं, हातभरच तर राहिलंय! लटकतंयच ना ते? ढकला की."

"ढकलायचं नसतं, साहेब."

तिकाटणं म्हणजे तीन उंच लोखंडी खांब, वरच्या टोकाला एकत्र बांधलेले. मधोमध चेनपुली टांगायची आणि मशीन सरळ वर उचलायचं. सरळ उचललं तर ते कितीही वजन पेलतं. बाजूनं धक्का बसला की एक पाय उचलतो आणि सगळं कोसळतं. आमच्या बापानं आम्हाला हे लहानपणीच सांगितलेलं. आम्ही वडाराची माणसं. आजा दगडाच्या खाणीवर होता, बापानं कुपवाडच्या कारखान्यांत मशीनं हलवायचं काम धरलं. बाप गेल्यावर टोळी अण्णाची झाली. इशारा द्यायचं काम मात्र माझं. अण्णा म्हणायचा, "रेणुका लांब उभी राहून सगळं बघती. आपण वाकलेली माणसं, आपल्याला आपल्या नाकापुढचंच दिसतंय." त्यामुळे काम चालू असताना माझ्या हाताशिवाय कुणाचं ऐकायचं नाही, हा आमचा नियम होता. खुद्द अण्णासुद्धा तो मोडत नसे.

ती एक खासगी आयटीआय होती. गावाबाहेर, उसाच्या शेतांना लागून. लांबलचक शेड, भिंतीला नवा रंग, जमिनीलासुद्धा हिरवा तेलरंग फासलेला. चकाकत होती नुसती. त्या दिवशी मान्यता द्यायला सरकारी कमिटी यायची होती आणि सचिव मोहोळकर सकाळपासून आमच्या डोक्यावर उभे होते. पांढरी सफारी, हातात रुमाल. दर थोड्या वेळानं दारापर्यंत जायचे, रस्त्याकडे बघायचे, परत यायचे. त्यांच्यासोबत टर्नरचे शिक्षक रेवणकर सर होते. सडपातळ माणूस, बोलणं कमी. मला वाटतं, आम्ही तिकाटणं हलवायला का थांबलोय ते त्यांना कळत होतं. पण ते सचिवांच्या मागंच उभे राहिले.

तेवढ्यात फाट्यावरून कुणीतरी मोटारसायकलवर आलं आणि ओरडलं, "साहेब, गाड्या वळल्या!"

सचिवांनी आपल्या दोन शिपायांकडे बघितलं. "काय बघताय? ढकला!"

"हात लावू नका!" मी ओरडले. मूठ अजून वर होती. "माणूस खाली हाय!"

"वडारणीनं मला शिकवायचं का आता? ढकला म्हणतो ना!"

शिपायांनी ढकललं. पगार सचिव देत होते, मी नव्हते देत. मशीन पुढं गेलं, मागं आलं, आणि तिकाटण्याचा एक पाय त्या गुळगुळीत रंगावरून उचलला गेला. अण्णानं मान वर केली, अंग मागं टाकलं. हात सुटले, छाती सुटली. उजवा पाय मशीनखाली राहिला.

अण्णा ओरडला नाही. त्याचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून हवा गेल्यासारखा आवाज आला.

पहारी घालून मशीन एका बाजूनं उचलायला मला आणि मल्लूला जी काही ताकद लागली ती कुठून आली, ते मला माहीत नाही. रेवणकर सरांनीच पुढं होऊन ठोकळा सारला. अण्णाला ओढून बाहेर काढला तेव्हा चप्पल कुठली आणि पाय कुठला हे कळत नव्हतं. मी माझा पदर फाडून घोट्याच्या वर आवळून बांधला.

"साहेब, जीप द्या!" मी म्हणाले. सचिवांची जीप दारातच उभी होती.

सचिवांनी रुमालानं तोंड पुसलं. "जीप कमिटीला आणायला ठेवलीय. तुमचा ट्रक आहे ना?" मग शिपायांकडे वळून म्हणाले, "मागच्या दारानं न्या ह्यांना. पुढून नको. आणि भुसा टाका इथं, भुसा!"

मागच्या दारानं. मी आजही हे सांगताना माझी कानशिलं तापतात. पाय चिरडलेल्या माणसाला आम्ही चौघं उचलून मागच्या दारानं, उसाच्या बांधावरून फिरवून ट्रककडे नेलं, कारण पुढच्या दारात रांगोळी काढली होती.

ट्रक इब्राहिमभाईंचा. आमच्या बापाच्या वेळेपासून ते आमच्याबरोबर मशीनं वाहत होते. सांगलीच्या सरकारी दवाखान्यापर्यंत त्यांनी ट्रक कुठं थांबवला नाही. नुसता हॉर्न वाजवत राहिले. मागं हौद्यात अण्णाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मध्येच त्यानं विचारलं, "मल्लूला लागलं न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"तिकाटणं?"

"ऱ्हाऊ दे की तिकाटणं, अण्णा!"

डॉक्टरांनी अर्धं पाऊल कापलं. बोटं आणि पुढचा सगळा भाग. टाच राहिली.

अपघाताची केस म्हणून दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्या गावच्या ठाण्यातले हवालदार शितोळे आले. वयस्कर माणूस, तसा वाईट नव्हता. अण्णाचा जबाब घेतला, माझा घेतला, आणि म्हणाले, "चला बाई, जागा दाखवा." इब्राहिमभाईंनी ट्रक काढला. हवालदार पुढं बसले.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि मी बघतच राहिले. लेथ आपल्या जागेवर होतं, आम्ही गेल्यावर कुणीतरी पहारींनी रेटून बसवलेलं. बोल्ट आवळलेले, वर झेंडूचा हार. खालच्या जमिनीवर पुन्हा हिरवा रंग मारलेला. त्याचा वास अजून येत होता.

सचिव हसत पुढं आले. "या हवालदारसाहेब. चहा सांगू का?"

"काल इथं मशीन उतरवताना एका माणसाचा पाय गेला म्हणं."

"इथं? छे हो! काल आमच्याकडं कमिटी होती. सगळी मोठमोठी माणसं. असलं काही झालं असतं तर त्यांना दिसलं नसतं का?"

"मग हे मशीन?"

"हे?" सचिवांनी लेथच्या पाठीवर असा हात ठेवला, जसा माणूस आपल्या घरच्या बैलाच्या पाठीवर ठेवतो. "हे इथलंच आहे. शेड बांधली तेव्हापासून. पोरं याच्यावर शिकून नोकरीला लागली. काल कमिटीनं बघून लिहून घेतलंय, मशीन जागेवर आहे म्हणून. जे मशीन हललंच नाही, ते कुणाच्या पायावर कसं पडेल?"

"काल आम्हीच आणलं की हे!" मी म्हणाले. "ह्याच हातांनी! साहेब, रंगाचा वास घ्या की. भुसा कुठं टाकलाय बघा की मागं!"

"बाई, तुमच्यावर दुःखाचा प्रसंग आहे, मी समजतो. ट्रकमधून उतरताना पडला असेल बिचारा कुठंतरी. ही माणसं कशी काम करतात, तुम्हाला माहीत आहे हवालदारसाहेब. संध्याकाळी पोटात थोडी गेली की..."

"अण्णानं आयुष्यात दारूला हात लावला न्हाई!"

हवालदार रेवणकर सरांकडे वळले. सर लेथच्या पलीकडे उभे होते. हातात कापूस होता आणि त्यानं ते कुठलातरी दांडा पुसत होते, पुसून झालेला दांडा परत परत.

"तुम्ही इथले मास्तर ना? मशीन कधीपासनं आहे?"

सरांनी तो दांडा आणखी एकदा पुसला. मग दांड्याकडे बघत म्हणाले, "इथलंच आहे."

मला पुढचं नीट आठवत नाही. मी काहीतरी बोलले. फार वाईट बोलले असणार, कारण हवालदारांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. सरांनीच काल ठोकळा सारला होता. अण्णाच्या रक्तानं त्यांची बाही भिजलेली मी बघितली होती. आणि तोच माणूस उभ्या उभ्या सांगतो, असं काही झालंच नाही! अण्णाचा पाय नाही, आमचं काम नाही, आम्ही आलोच नाही. आम्ही म्हणजे कुणी नव्हतोच.

हवालदार म्हणाले, "बाई, साक्षीला त्यांचं कुणी नाही. तुमची तुमची माणसं काय, बोलणारच. मी लिहितो, पण पुढं काय होईल असं वाटत नाही." आणि ते चहा प्यायला आत गेले.

इब्राहिमभाई ट्रकला टेकून उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "रेणुका, ते लेथ मी ओळखतो."

"म्हंजे?"

"ह्यांच्या तीन संस्था हायत. वेगवेगळ्या तालुक्यांत. मशीन एकच. जिथं कमिटी यायची असंल, तिथं आदल्या दिवशी जातंय. मागल्या साली मीच नेलतं, दुसऱ्या टोळीबरोबर. ह्या वेळी कमिटीनं तारीख अलीकडं घेतली म्हणून त्याच दिवशी धावपळ झाली. मला वाटलं, आपल्याला काय करायचंय, भाडं मिळतंय. कमिटी गेली की हार काढायचा आणि उचलायचं."

"आणि पोरं?"

"कसली पोरं?"

"शिकायला येत्यात ती. वर्षभर कशावर शिकत्यात?"

इब्राहिमभाईंनी खांदे उडवले. "फळ्यावर काढून दाखवत असतील."

म्हणजे ज्यासाठी अण्णाचा पाय गेला, ते कुणाला काही शिकवण्यासाठी नव्हतंच. ते दाखवायचं मशीन होतं. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं, घाई झाली, माणूस चिडला, चूक झाली आणि आता घाबरून खोटं बोलतोय. तिथं उभी राहून मला कळलं, की खोटं आमच्यापासून सुरू झालेलंच नव्हतं. ते आधीपासून चालू होतं आणि अण्णाचा पाय वाटेत आला होता.

तिथून मी घरी गेले नाही. कुपवाडमधल्या टोळ्या, मिरजेच्या, जयसिंगपूरच्या, सगळ्यांच्या वस्त्यांवर फिरले. आमच्या कामात हेवेदावे असतात. एकाचं काम दुसरा कमी भावात घेतो. पण अण्णाला सगळे ओळखत होते. मी प्रत्येकाला एवढंच सांगितलं, "त्या संस्थेचं लेथ उचलू नका. ते म्हणत्यात ते तिथलंच हाय. तर ते तिथंच ऱ्हाऊ द्या." जयसिंगपूरच्या मारुती मुकादमाशी आमचं बापाच्या काळापासून भांडण होतं. त्यानं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. पण उठताना म्हणाला, "माझी माणसं जाणार न्हाईत. अण्णाला सांग."

पुढच्या संस्थेत कमिटी यायची वेळ झाली तसे सचिवांचे निरोप फिरायला लागले. कुणी गेलं नाही. क्रेनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, शेडच्या दारातून क्रेन आत जात नाही, मशीन अंगणात आणून द्या, मग उचलतो. शेवटी एके दिवशी जीप आमच्या दारात उभी राहिली. तीच जीप. सचिव उतरले नाहीत. काच खाली करून म्हणाले, "झालं गेलं सोडून द्या बाई. उद्या काम आहे. तुमच्या भावाच्या औषधपाण्याचंही बघू."

"कशाचं औषधपाणी, साहेब? काही झालंच न्हाई न्हवं?"

"उगाच शब्दाला शब्द लावू नका."

"आणि मशीन तर तिथलंच हाय. तुम्हीच सांगितलं पोलिसाला. तिथलं मशीन आम्ही कुठं न्यायचं?"

काच वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इब्राहिमभाई धावतच आले. त्यांना ट्रक घेऊन बोलावलं होतं, ते नाही म्हणाले होते. पण तिथल्या ड्रायव्हरकडून त्यांना कळलं, की सचिवांनी वर्गातली पोरंच मशीन ओढून अंगणात काढायला लावलीत.

"पोरं?" मी उभी राहिले. "दोर लावून?"

"दोर, पाइप, जे मिळंल ते."

इतके दिवस मला वाटत होतं, आपण नाही म्हटलं की झालं. आपण हात लावला नाही की तो माणूस अडेल. पण असल्या माणसाला हातांची काय कमतरता? एकाचे नाही तर दुसऱ्याचे. मी चप्पल घालायलाही थांबले नाही, तशीच इब्राहिमभाईंच्या ट्रकमध्ये चढले.

शेडमध्ये शिरले तेव्हा लेथ बोल्टावरून काढलेलं होतं. एका बाजूला पाइप घातलेले, दुसरी बाजू अधांतरी, खाली विटा. विटा! वीस-पंचवीस पोरं दोर धरून उभी. काहीजण हसत होती, त्यांना मजा वाटत होती. एकजण पाइप सारखा करायला मशीनखाली हात घालून बसला होता. सचिव हात वर करून म्हणत होते, "एक, दोन..."

मी धावत गेले, त्या पोराची कॉलर धरून त्याला मागं ओढलं आणि मशीन आणि पोरांच्या मध्ये उभी राहिले.

"आता ओढा," मी म्हणाले.

पोरं गोंधळली. दोर सैल पडले.

"ह्या बाईला बाहेर काढा!" सचिव ओरडले. समोर तेच दोन शिपाई होते. एकानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. दुसरा पुढं यायला निघाला, अर्ध्यात थांबला.

"कुठं चाललंय मशीन, साहेब?" मी विचारलं. "इथलंच हाय न्हवं?"

"दुरुस्तीला चाललंय! तुला काय करायचंय? रेवणकर, पोरांना सांगा, ओढा म्हणावं! तुमच्या वर्गाची पोरं आहेत!"

रेवणकर सर खिडकीपाशी होते. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या माणसाकडून मला काही नको होतं. ते चालत आले, माझ्या शेजारी उभे राहिले, आणि पोरांकडे तोंड करून बोलले. आवाज मोठा नव्हता. वर्गात हजेरी घेताना असतो तसा होता.

"दोर खाली ठेवा. या मशीनखाली एका माणसाचा पाय चिरडलाय. इथं, याच जागेवर. माझ्या डोळ्यांदेखत. साहेबांनी ढकलायला लावलं म्हणून. आणि मी पोलिसांशी खोटं बोललो. मशीन इथलं नाही. सगळे बाहेर जा."

पुढच्या पोरांनी मशीनखालच्या विटांकडे बघितलं. मग एका पोरानं दोर खाली टाकला. मग दुसऱ्यानं. सचिव काहीतरी बोलत होते, नोकरी घालवीन, दावा लावीन. पोरं त्यांच्या बाजूनं वाट काढून एकेक करत अंगणात निघून गेली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं समाधान नाही. मशीन तिथंच अडकलं. दुसऱ्या गावी कमिटीला रिकामी शेड दिसली आणि तिथली मान्यता त्या वर्षापुरती थांबली. पुढच्या वर्षी मिळाली म्हणे. रेवणकर सरांना त्याच आठवड्यात काढून टाकलं. त्यांनी ठाण्यात जाऊन जबाब बदलून दिला, शितोळे हवालदारांनी तो लिहूनही घेतला, पण तोवर वरून कुणाचा तरी फोन आला होता आणि प्रकरण पुढं सरकलं नाही. सचिव मोहोळकर आता अध्यक्ष आहेत. सांगलीच्या चौकात त्यांच्या वाढदिवसाचे फलक लागतात. शिक्षणमहर्षी असं लिहिलेलं असतं. सरकारदरबारी अण्णा आजही ट्रकमधून उतरताना पडला.

पोरांनी दोर टाकले त्या संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाय गेल्यापासून तो असाच पडून असायचा. जेवायचा, औषध घ्यायचा, कुणी विचारलं तर हो-नाही म्हणायचा. त्यानं रडून घेतलं असतं, सचिवांना शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. पण सचिवांनी हवालदाराला काय सांगितलं ते ऐकल्यापासून तो गप्प होता. एकदाच मला म्हणाला होता, "रेणुका, खरंच मी कुठं पडलोबिडलो तर न्हाई न्हवं?" माझ्या भावाला स्वतःच्या पायाबद्दल शंका यायला लागली होती!

मी खाटेवर बसले आणि सगळं सांगितलं. पोरं, दोर, विटा. मग सर काय म्हणाले ते सांगितलं.

अण्णानं तोंड वळवलं. "सगळ्यांसमोर म्हणाला?"

"सगळ्यांसमोर. सचिवांच्या तोंडावर."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ह्या मशीनखाली एका माणसाचा पाय चिरडलाय. माझ्या डोळ्यांदेखत."

अण्णा हातांवर जोर देऊन उठायला लागला. मी त्याच्या पाठीमागं उशी लावली. तो टेकून बसला. पट्टी बांधलेल्या पायावरची चादर त्यानं स्वतःच्या हातानं बाजूला केली, पहिल्यांदाच, आणि बराच वेळ पायाकडे बघत राहिला.

"परत सांग," तो म्हणाला.